साट्यालोट्याचं तिसरं मूल

आमच्या लाँड्रीत मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघी लागतात. एकीने दोन कोपरे धरायचे, समोरचीने दोन, ताणायचं, झटकायचं, मग चालत तिच्याकडे जायचं आणि आपले कोपरे तिच्या हातात द्यायचे. हॉटेलातल्या पलंगांच्या चादरी दिवसभर येत राहतात. त्यामुळे आपला दिवस कसा जाणार हे समोर कोण उभी आहे यावर ठरतं. माझ्यासमोर गेली कित्येक वर्षं भिंगरी आहे.

हे नाव मीच ठेवलं. नवीन आली तेव्हा ती एका जागी ठरायचीच नाही. इस्त्रीच्या गरम रोलरकडून टेबलाकडे, टेबलाकडून ट्रॉलीकडे, मध्येच अभ्र्यांच्या ढिगाकडे, आणि तोंडाचा पट्टा सुरूच. धुवायला आलेल्या कपड्यांचे खिसे तपासायचं कामही तिच्याकडेच आलं, कारण तिच्या नजरेतून काही सुटत नाही. पाहुण्यांचे कोट, वेटरांचे डगले, आचाऱ्याचे एप्रन, सगळ्यांचे खिसे ती उलटे करते. पेन, चाव्या, चिल्लर, एकदा तर कोणाची तरी दातांची कवळी निघाली. ती तिने काउंटरवर नेऊन अशी ठेवली की सुपरवायझरला हसावं की रागवावं कळेना.

अशी ही बाई. आणि तिला तिच्याच घरच्यांनी कसं पिळलं ते मला सांगायचं आहे. सांगताना माझा आवाज चढेल. चढू दे.

भिंगरीचं लग्न साट्यालोट्याचं. तिचा भाऊ वेल्डर, त्याचं लग्न काही केल्या जमेना. दुसऱ्या एका घरात एक बेकरीवाला, त्याचंही जमेना. दोन्ही घरांत एकेक बहीण होती. भिंगरीचे मामा मध्ये पडले आणि तुमची आमच्याकडे, आमची तुमच्याकडे, असं एका बैठकीत, दुसरा चहा यायच्या आत ठरून गेलं. देणं नाही, घेणं नाही, दोन्ही घरं खूश. बहिणींना कोणी विचारलं होतं का, असं मी एकदा भिंगरीला विचारलं. ती हसत हसत चादरीच्या ढिगावर बसली.

तर बेकरीवाल्याची बहीण ही भिंगरीची नणंद, आणि भावाची बायको म्हणून भावजयही तीच. गंमत अशी की दोघी एकमेकींना वहिनीच म्हणतात. इथे मी तिला नणंद म्हणणार आहे, म्हणजे घोळ नको.

सुरुवातीला या लग्नाच्या गोष्टी ऐकून आम्हाला मजा वाटायची. तिकडे नणंदेला मिक्सर आला की इकडे भिंगरीलाही यायचा. तिकडे वेल्डर नणंदेवर ओरडला की ती आईला फोन करायची. मग संध्याकाळी बेकरीवाला, ज्याचं भिंगरीशी काडीचंही भांडण नसायचं, जेवता जेवता ताट सरकवून उठायचा. एकदा भिंगरी कामावर येऊन म्हणाली, ‘‘आज माझ्याशी अबोला आहे. कशावरून ते उद्या कळेल.’’ दोन्ही घरांनी एकमेकांची मुलगी अशी धरून ठेवली होती, आणि याला ते सोयरीक म्हणत होते.

मुलं मात्र मिक्सरसारखी दोन्हीकडे एकेक येत नाहीत. भिंगरीला मुलगी झाली, मग मुलगा. दोन्ही वेळा पोट कापावं लागलं. दुसऱ्या वेळी तर रक्त थांबेना. ती टेबलावर अर्धवट शुद्धीत होती तेव्हा तिथले डॉक्टर बाहेर आले आणि हिचं मूल बंद करायचं ऑपरेशन आत्ताच उरकून टाकू का, असं त्यांनी विचारलं. कोणाला विचारलं? सासूला. सासू म्हणाली, नको, इतक्यात नको. बेकरीवाला शेजारीच उभा होता. आई म्हणेल तसं, एवढं बोलून त्याने हात झटकले. जिचं पोट उघडं होतं ती आत होती आणि निर्णय बाहेरच्या बाकड्यावर झाला.

पुढे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तिला तपासलं आणि साध्या शब्दांत समजावलं. आतली शिवण फार पातळ झाली आहे. तिसऱ्या वेळी ती उसवेल, आणि मग तुला वाचवायचं की बाळाला, हे ठरवायलाही वेळ मिळणार नाही. भिंगरी तिथून थेट कामावर आली. एप्रन न बांधताच तिने चादरीचे कोपरे धरले.

सासूने नको का म्हटलं असेल? नातवंडांची हौस होती म्हणून नाही. दोन पोरं सांभाळतानाच ती टेकीला यायची. कारण वेगळं होतं. तिकडे वेल्डरच्या घरात पाळणा हलत नव्हता.

नणंदेला काय काय करायला लावलं ते ऐकून माझी तळपायाची आग मस्तकात जायची. या डॉक्टरकडे, त्या वैद्याकडे, कोणाच्या तरी ओळखीच्या बाईकडे. हे खा, ते खाऊ नको, अशी झोप, तशी बस. शेजारणी तिच्या तोंडाकडे बघायच्या आधी पोटाकडे बघायच्या. आणि वेल्डर? त्याला साधा खोकला झाला तरी त्याची आई त्याला दवाखान्यात ओढून नेते. पण मूल होत नाही म्हणून त्यालाही तपासावं, हे त्या घरात कोणाच्या डोक्यातच आलं नाही. किंवा आलं असेल आणि सगळे मूग गिळून बसले असतील. मला दुसरंच खरं वाटतं.

मग दोन विहिणींनी मिळून तोड काढली. एरवी या दोघींचं एकमत कधी होत नसे. एकीला पंखा लागला की दुसरीला थंडी वाजायची. पण या एका गोष्टीवर दोघी एक झाल्या. भिंगरीने तिसरं मूल होऊ द्यायचं आणि ते नणंदेच्या पदरात घालायचं. भिंगरीच्या सासूला वाटलं, आपल्या लेकीची मांडी भरेल. भिंगरीच्या आईला वाटलं, वेल्डरचा भाचा असो की भाची, रक्त आपल्याच घरचं राहील. वर दोघींनी एकमेकींना धाकही घालून ठेवला होता. तुम्ही माझ्या मुलीला परत पाठवलीत तर मी तुमच्या मुलीला परत पाठवीन. मधल्या मधे तिसरं मूल, आणि ते ज्या पोटात वाढायचं ते पोट. ते कोणाचं आहे, याचा विचार करायची कोणाला गरज वाटली नाही.

भिंगरी आईकडे गेली. तिला वाटलं, आई आहे, ऐकेल. आई भाजी निवडत होती. भिंगरीने डॉक्टरबाईंचं सगळं बोलणं सांगितलं, मी मरेन असंही सांगितलं. आईने मान वर न करता उत्तर दिलं.

‘‘अगं, नऊ महिन्यांचा तर प्रश्न आहे. डॉक्टर घाबरवतातच.’’

हे मला सांगताना भिंगरी रडली नाही. ती म्हणाली, ‘‘मला आज कळलं, मला माहेरच नाही. मी जिला माहेर म्हणते ते वहिनीचं सासर आहे. तिथे माझी बाजू घेतली की तिची सासू हरते.’’ कितीतरी बायका सासरी त्रास झाला की निदान चार दिवस आईकडे जाऊन पडतात. साट्यालोट्यात तेवढीही जागा उरत नाही. आईच दुसऱ्या पक्षाची होऊन बसते.

मग भिंगरीने तिच्या परीने वाट काढली. डॉक्टरबाईंकडून गोळ्या आणल्या आणि लाँड्रीतल्या आपल्या कप्प्यात ठेवल्या. रोज कामावर आली की पहिल्यांदा गोळी, मग एप्रन. घरी महिन्यामागून महिने सासू वाट बघत राहिली. आता काय झालं, मागच्या वेळी तर लगेच राहिलं होतं, असं खनपटीला बसून विचारत राहिली. भिंगरी म्हणायची, देवाला माहीत. आम्हाला दोघींना चांगलंच माहीत होतं.

आणि मग तिने एक चूक केली, तीही नेमकी तिच्यासारख्या बाईने करावी अशी. एके दिवशी दुपारी रोलर बिघडला, सगळीकडे वाफच वाफ, आम्हाला लवकर सोडलं. घाईघाईत तिने गोळ्यांची पट्टी एप्रनच्या खिशात टाकली आणि एप्रन पिशवीत घालून घरी नेला. सगळ्या जगाचे खिसे उलटे करणारी ही, स्वतःचा खिसा विसरली. सासूने एप्रन भिजवायच्या आधी खिसा उलटा केला. आणि ही सवय सासूला लावली होती कोणी? भिंगरीनेच. एकदा बेकरीवाल्याच्या शर्टातलं पेन बादलीत फुटलं होतं, तेव्हा तिनेच सासूला बजावलं होतं.

मग काय, घर डोक्यावर घेतलं. फसवणूक, दगा, आमच्या लेकीचं वाटोळं केलं, असलं सगळं. पोरं घाबरून पलंगाखाली जाऊन बसली. बेकरीवाल्याने भिंगरीला तिच्या आईच्या दारात नेऊन सोडलं, पोरं मात्र घरी ठेवून घेतली. त्याच संध्याकाळी वेल्डरनेही नणंदेला तिच्या आईच्या दारात आणून सोडलं. तिचा काय गुन्हा होता? काहीही नाही. एक परत आली की दुसरी परत, हा हिशेब.

दोन-चार दिवसांनी मामांनी बैठक बोलावली, भिंगरीच्या सासरी. भिंगरी मला म्हणाली, तू चल, माझ्या बाजूने बसायला कोणीतरी हवं. मी गेले. पुरुष खुर्च्यांवर, दोन्ही विहिणी पलंगावर, भिंगरी भिंतीला टेकून उभी, नणंद स्वयंपाकघराच्या दारात. एक खुर्ची रिकामी होती. ती मामांसाठी आहे असं कोणीतरी सुचवलं. मी ऐकलं नाही असं दाखवून तीच पटकावली. मामांना वेताचा बुटका मोडा आणून द्यावा लागला.

मामांनी मोड्यावरूनच समजूतदारपणाचं भाषण केलं. दोन्ही घरांचं भलं व्हावं, दोन्ही मुली आपापल्या घरी नांदाव्यात, भिंगरीने गोळ्या सोडाव्यात, एक मूल होऊ द्यावं, ते तिकडे द्यावं, सगळं गोडीगुलाबीने व्हावं. त्यांच्या तोंडून ते ऐकताना वाटावं, शेजारणीला वाटीभर साखर द्यायची आहे.

मी विचारलं, आणि ही मेली तर?

सासू म्हणाली, असं अभद्र बोलू नये. अभद्र बोलायचं नाही, करायचं मात्र खुशाल. मी बेकरीवाल्याकडे बघितलं. तो स्वतःच्या नखांकडे बघत होता. त्याला भिंगरी आवडते, हे मला माहीत आहे. तिच्यासाठी तो रोज गरम पाव कागदात गुंडाळून आणतो. पण आवडत्या बायकोचा जीव वाचवायला एक वाक्य लागतं, ते त्याच्याकडे नव्हतं.

मग नणंद बोलली. तोवर कोणी तिच्याकडे बघितलंही नव्हतं, जणू तिच्यासाठी सगळं चाललं आहे म्हणजे तिला विचारायचं कारण नाही. ती दारातूनच वेल्डरशी बोलली, हळू आवाजात.

‘‘मला तीन ठिकाणी तपासलं. माझ्यात काही दोष नाही. तिन्ही ठिकाणी सांगितलं, नवऱ्याला घेऊन या. तुम्ही आलात?’’

वेल्डरने खिशातून मोबाइल काढून बघायला सुरुवात केली. भिंगरीची आई तावातावाने म्हणाली की आमच्या घराण्यात असलं कधी कोणाला झालेलं नाही. नणंदेने तिच्याकडे लक्षही दिलं नाही. ती भिंगरीकडे वळली.

‘‘वहिनी, मला तुझं मूल नको. तू मेलीस आणि ते माझ्या मांडीवर आणून दिलं, तर मोठं झाल्यावर मी त्याला काय सांगू?’’

मला वाटलं, आता तरी. आता तरी कोणीतरी वेल्डरला म्हणेल, ऊठ, उद्या दवाखान्यात चल. कोणी म्हटलं नाही. मामांनी घसा साफ केला, तापलेल्या डोक्याने काही ठरवू नये म्हणाले, दोघींनी तूर्त आपापल्या घरी जावं म्हणाले, आणि चहा मागवला. एका पुरुषाला डॉक्टरसमोर उभं राहायची लाज वाटू नये म्हणून एका बाईने मरायची तयारी ठेवावी, हे त्या खोलीत चहाबरोबर सगळ्यांच्या घशाखाली उतरलं. माझा कप मी तसाच ठेवून उठले.

काही ठरलं नाही, याचा अर्थ आधी ठरलं होतं तेच कायम, हे भिंगरीला बरोबर कळलं. पुढच्याच आठवड्यात तिने सुट्टी टाकली. कारण विचारलं तर पाहुणे येणार आहेत म्हणाली. तिच्या चादरी मी अभ्र्यांवरच्या एका पोरीला समोर उभी करून काढल्या. भिंगरी ऑपरेशन करून घ्यायला सरकारी दवाखान्यात गेली. बरोबर कोण होतं? नणंद. जिच्यासाठी ते मूल हवं होतं तीच, ते कधीच होऊ नये म्हणून बाहेरच्या बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. नर्सने विचारलं, नवरा कुठे आहे, सासू कुठे आहे. डॉक्टरबाईंनी तिला गप्प केलं. पोट हिचं आहे, हिलाच विचारा, म्हणाल्या. तीच गोष्ट दुसऱ्या बाळंतपणात कोणी म्हटली असती तर किती बरं झालं असतं.

बातमी लपणार थोडीच. वेल्डरच्या घरी कळलं की आता तिसऱ्या मुलाची आशा संपली, आणि त्यात आपलीच सून तिच्याबरोबर गेली होती. त्यांनी नणंदेचे कपडे दोन पिशव्यांत भरले आणि तिला कायमची परत पाठवली. आता हिशेबाने भिंगरीचा नंबर. ती दवाखान्यातून पोटाला हात धरून घरी आली तर सासूने तिचीही पिशवी दारात काढून ठेवली होती. नणंद तिथेच उभी होती, नुकतीच टाकून दिलेली. तिने भिंगरीची पिशवी उचलून आत नेली. आईला म्हणाली, ‘‘हिला काढलंस तर मीही जाईन. मग तुझ्याकडे भांडायला पण कोणी राहणार नाही.’’

आणि त्या दिवशी बेकरीवाल्याला वाचा फुटली. आई, राहू दे तिला, म्हणाला. एवढंच. भिंगरी मला हे कौतुकाने सांगायला लागली तेव्हा मी तिला थांबवलं. एवढं बोलायला त्याला तिच्या दोन पोटफाड्या आणि एक ऑपरेशन लागलं, त्याचं कौतुक मी करणार नाही. तू कर, तुझा नवरा आहे.

आता नणंद आमच्याच लाँड्रीत आहे, अभ्र्यांवर. हात चांगला आहे तिचा. पहिल्या महिन्यात बोलायचीच नाही, आता जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांची नक्कल करते, मामांची तर हुबेहूब. तिची आणि वेल्डरची रीतसर फारकत झाली. रस्त्यात ओळखीच्या बायका भेटतात आणि वेल्डरबद्दल हळहळतात, बिचारा, नशिबात मूल नाही, म्हणतात. नणंदेबद्दल जे म्हणतात ते मी इथे लिहिणार नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी म्हटलं असतं, चला, एक बाई जिवंत राहिली. पण मामा थांबणारे नव्हेत. त्यांनी वेल्डरसाठी दुसरं घर शोधलं. या वेळी बदल्यात द्यायला मुलगी नव्हती, म्हणून त्यांनी मुलाच्या गुणांवर भर दिला. कष्टाळू, निर्व्यसनी, पहिली वांझ निघाली म्हणून सोडावी लागली, मुलात काही दोष नाही. तिकडची मुलगी नुकतीच शाळा संपवून शिवणकाम शिकत होती.

हे भिंगरीच्या कानावर आलं तेव्हा आमच्या हातात चादर होती. तिने ती तशीच सोडून दिली. इतक्या वर्षांत तिने चादर कधी जमिनीवर पडू दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती त्या मुलीच्या घरी गेली. मी नवऱ्या मुलाची सख्खी बहीण, असं तिने दारात सांगितलं. तिला मानाने आत घेतलं, बसायला दिलं, पाणी दिलं, मुलीला बाहेर बोलावलं. भिंगरीने पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि मुलीच्या आईला म्हणाली, ‘‘मुलगी देण्याआधी माझ्या भावाला तपासायला पाठवा. गेला तर बघू. नाही गेला तर तुम्ही काय ते समजा.’’ मग मुलीकडे वळून तिलाही हेच पुन्हा सांगितलं, कारण लग्न तिचं होतं.

तिकडून निरोप गेला. वेल्डर तपासायला गेला नाही. लग्न मोडलं.

भिंगरीच्या आईचा फोन आला तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. आवाज इतका चढलेला की मलाही ऐकू येत होता. सख्ख्या भावाचं वाटोळं करणारी बहीण कोणी बघितली नसेल, आजपासून तुला माहेर बंद, पुन्हा या दारात पाय ठेवायचा नाही. भिंगरीने सगळं ऐकून घेतलं.

‘‘आई, ते उघडं कधी होतं?’’ असं म्हणून तिने फोन ठेवला.

नणंदेने आपल्या डब्यातली पोळी तिच्या डब्यात टाकली. सुट्टी संपली, आम्ही उठलो, भिंगरीने तिचे दोन कोपरे धरले, मी माझे.

मामा आता तिसरं घर शोधतायत, असं ऐकते. वेल्डर अजून दवाखान्यात गेलेला नाही. त्या घराचा पत्ता कळला की आम्ही तिघी जाणार आहोत.